आधी नवल, मग ताट

प्रिय मुंगे,

लगागा लगागा लगागा लगागा. आज सकाळपासून हा आवाज कानात बसला आहे. आमचे सातवीचे मास्तर भुजंगप्रयात वृत्त डस्टरने शिकवायचे. ‘ल’ला टेबलावर हलकी टिचकी, दोन ‘गा’ना दोन दणके, आणि दर दणक्याला खडूच्या भुकटीचा एक ढग. पन्नास-पंचावन्न पोरं एका सुरात ओरडायची, खिडकीची एक सैल काच त्या तालावर थरथरायची, आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर दारात येऊन म्हणायचे, जरा हळू घ्या हो, माझ्या पोरांचे अपूर्णांक सांडतायत. साठ वर्षं होऊन गेली. त्या पोरांपैकी किती उरली असतील कोण जाणे.

कविता सुरू करण्याआधी मास्तरांचा एक नेम असे. रोज एकाने उठून आदल्या दिवसातलं एक नवल सांगायचं. मोठं नको, घरातलं, रस्त्यातलं, अंगावरचं चालेल. ज्याला सुचत नसे त्याला ते उभं ठेवत. उभ्याने जरा लांबचं दिसतं, म्हणत. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, दौत धुताना शाईचा शेवटचा थेंब पाण्यात पडला आणि लगेच विरघळला नाही, आधी त्याने खाली मुळं सोडली. मास्तरांनी हातातलं डस्टर खाली ठेवलं. मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शर्टावर पाच बोटांचा पांढरा ठसा उठला. तो शर्ट मी आठवडाभर धुऊ दिला नाही. हे तुला शंभर वेळा ऐकवलंय, जांभई येत असेल तर दे खुशाल. पण त्या एका थापेवर मी सगळा जन्म काढला आणि तुला आणि तुझ्या आईलाही काढायला लावला, एवढं मात्र आजवर कधी बोललो नव्हतो.

तुझं पत्र मंगळवारी आलं. गेली चार वर्षं तुझी पत्रं येतात, ‘प्रिय आई’ अशी सुरू होतात आणि ‘औषध वेळेवर घे’ इथे संपतात. आईला वाचता येत नाही म्हणून ती मी वाचतो. तुझ्या नवऱ्याची बदली, तुझ्या कचेरीतल्या नकाशांची नवी टेबलं, वरच्या मजल्यावरच्या बाईचं भांडण, सगळं माझ्या तोंडून तिला कळतं, आणि त्यात मी कुठेच नसतो. पोस्टमनला निदान पत्रात काय आहे ते ठाऊक नसतं, माझं काम त्याहून हलकं. या वेळी मात्र शेवटी चार ओळी माझ्यासाठी होत्या. ‘बाबांना सांग’ अशी सुरुवात. त्या चार ओळी मी इतक्यांदा वाचल्या की कागदाची घडी तिथेच फाटली. आणि आता मी जे सांगणार आहे ते वाचल्यावर त्या चार ओळी शेवटच्याच ठरतील, हेही मला दिसतं आहे. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसत होतो नि उठत होतो. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

मी काय काम करायचो ते तू लोकांना ‘पाणीखात्यात होते’ असं मोघम सांगतेस. मी मीटर वाचायचो. खांद्याला पिशवी, हातात लोखंडी आकडा. फुटपाथवरचं झाकण आकड्याने उचलायचं, गुडघ्यावर बसायचं, आत हात घालून काचेवरची माती फडक्याने पुसायची, आकडे वाचायचे, वहीत मांडायचे, झाकण टाकायचं, उठायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे झाकणं. आमच्यातले बाकीचे लोक चहाच्या टपरीवर बसून मागच्या महिन्यावरून अंदाजे आकडे टाकायचे आणि मला म्हणायचे, अहो महाराज, गुडघे जातील, पाणी कुठे पळून जातंय का? मी ऐकायचो नाही. कारण झाकणाखाली कधी काय असेल सांगता येत नसे. एका खड्ड्यात मीटरच्या काचेला टेकून एवढंसं नेचाचं रोप उगवलेलं असे. एका ठिकाणी बेडकाने संसार मांडला होता, झाकण उचललं की तो माझ्याकडे असा बघे की दार न वाजवता आल्याबद्दल मीच माफी मागावी. हे सगळं मी दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायचो, माझ्या स्वतःच्या. तेहतीस वर्षांत एकही आकडा मी न बघता टाकला नाही. घराबाहेर.

घरात मास्तरांचा नेम चालू केला. आधी नवल, मग ताट. तुझ्या आईने ताटं मांडायची, मी पाटी-पेन्सिल घेऊन बसल्यासारखा वही घेऊन बसायचो, आणि प्रत्येकाने दिवसातलं एक नवल सांगायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते फार आवडे. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणायचा, आमच्याकडे ताटावर बसलं की भांडण निघतं, तुमच्याकडे कविता निघते. तुझ्या आईला मात्र जमायचं नाही. तिची नवलं म्हणजे, आज दूध उतू गेलं नाही. आज नळाला दुपारपर्यंत पाणी होतं. मी म्हणायचो, हे नवल नव्हे, ही दक्षता झाली. ती म्हणायची, बरं, उद्या घालवते उतू. आता वाढू? मला हसू यायचं आणि मनात वाटायचं, हिला दिसत नाही. हेच शब्द वाटायचे, मुंगे. हिला दिसतच नाही.

आणि तू. तू नऊ वर्षांची असताना एकदा शाळेतून रडून आलीस. कशासाठी ते मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलं नव्हतं, नवल विचारलं होतं. तू म्हणालीस, आज काही नाही. मी म्हटलं, काही नाही असा दिवस नसतो, उभी राहा, उभ्याने दिसेल. तू भिंतीला टेकून उभी राहिलीस. तुझं ताट तुझ्यासमोर निवत गेलं आणि मी जेवत राहिलो. मग तू म्हणालीस, बाबांच्या घशाखाली घास उतरतोय, हे आजचं नवल. तुझी आई तोंडावर हात धरून आत निघून गेली. आणि मी काय केलं? मी खूश झालो. पोरगी तयार झाली म्हणून हसत हसत ते वाक्य तारखेसकट वहीत लिहून घेतलं. वही काढून परवा पाहिलं. आहे तिथे. शेजारी ‘वा!’ असंही लिहिलं आहे.

चार वर्षांपूर्वी तू शेवटची आलीस तेव्हाचं तुला आठवायला नकोच. आईची नजर पुरती जाऊन वर्ष होत आलं होतं. ताटं मांडली होती, ती बोटांनी ताटाची कड शोधत होती, आणि माझ्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, हं, मग आज काय पाहिलंस? तू ताट सारलंस. म्हणालीस, बाबा, तुम्हाला भिंतीवरच्या मुंगीचं कौतुक, घरातल्या मुंगीचं कधी नाही. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने गेलीस. मी मागाहून पुष्कळ दिवस त्या वाक्यावर रागवत राहिलो. इतकं नेमकं बोलायला हिला मीच शिकवलं, आणि हिने तेच माझ्यावर चालवलं, असं. मग हळूहळू राग विझला आणि शब्द तेवढा उरला. कौतुक. नवल वाटण्याला आणि शाबासकी देण्याला आपल्या भाषेने एकच शब्द ठेवला आहे, याचं मला पूर्वी फार कौतुक वाटे. मी त्यातला पहिला अर्थ आयुष्यभर वापरला. दुसरा मला मास्तरांनी एकदा दिला होता, तो मी जपून ठेवला, कुणाला दिला नाही.

चुकलो. एकदा दिला. तुझ्या आईला. तेच सांगायला बसलो आहे.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तू तेव्हा सासरी होतीस. संध्याकाळची वेळ, मी बाहेरच्या खोलीत वही उघडून बसलो होतो, आणि तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एक हात कपाळावर. म्हणाली, अहो, दिव्याभोवती कडं आलंय. मी विचारलं, कसलं कडं? म्हणाली, रंगीत. आत निळसर, बाहेर तांबडं. डोकंही धरलंय. मी उठून आत गेलो. आपला तो स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, तेलकट वायरला लोंबणारा. मला नुसता दिवा दिसला. पण तीस-बत्तीस वर्षांत तिने पहिल्यांदा मला असं काही सांगितलं होतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली. पाची बोटं उघडून, मास्तरांसारखी. म्हटलं, वा, याला म्हणतात नवल. आणि तुझी आई हसली, मुंगे. कशी हसली म्हणून सांगू? आमच्या लग्नात फोटोवाला म्हणाला होता, वहिनी, जरा हसा, फुकट आहे, तेव्हा हसली होती, तशी.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. खालच्या शिंप्याला आणि त्याच्या बायकोला वर बोलावलं, तिला पुन्हा सांगायला लावलं. त्याच आठवड्यात भुजंगप्रयातात चार ओळी केल्या. दिवा, कडं, निळा, तांबडा, सगळं नीट बसलं. डोकं दुखतं हे वृत्तात बसत नव्हतं म्हणून गाळलं. आधी कवितेतून गाळलं आणि मग वहीतल्या नोंदीतूनही, कारण नोंद त्याने बिघडत होती.

आणि पुढे ऐक. यातलं वाईट ते पुढेच आहे. तिला त्याची चटक लागली. कड्याची नव्हे, थापेची. आठ-पंधरा दिवसांनी एकदा ती संध्याकाळी हाक मारायची, अहो, आलं बघा. मी वही घेऊन धावायचो. आज केवढं आहे, आज कोणता रंग ठळक आहे, असं विचारायचो. ती डोळे बारीक करून, दोन्ही कानशिलं दाबून धरून, मला पुरेसं वाटेल इतकं सांगत राहायची. कपाळ दाबलंस की तू अगदी कवीसारखी दिसतेस, असं मी म्हणायचो. मला तिचा हेवा वाटायचा. सगळं आयुष्य मी खड्ड्यात हात घालून नवल शोधलं आणि हिला ते दिव्याभोवती आपसूक मिळतंय, असं वाटायचं. एकदा तर मी दिव्याकडे टक लावून इतका वेळ पाहिलं की पाणी आलं, कडं काही आलं नाही. वहीत अशा बारा नोंदी आहेत. प्रत्येकीला तारीख आहे. आकडा कधी अंदाजे टाकला नाही, हे मगाशीच सांगितलं.

मग ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. डावा खांदा नेहमी निळा. मी म्हणायचो, चौकटीशी तुझं गेल्या जन्मीचं वैर दिसतं. जिन्यात समोरून कुणी बाजूने आलं की दचकायची. मी म्हणायचो, कवी लोक असेच आपल्या तंद्रीत. ती हसायची. दुखतंय म्हणून सांगायला ती यायची, आणि मी त्याचं काहीतरी सुंदर करून तिच्या हातात परत द्यायचो. पुढे पुढे तीही दुखणं बाजूला ठेवून नुसतं सुंदर तेवढं आणायला लागली. माणूस शिकतो.

दोन वर्षांनी एका सकाळी तिने चहा कपाच्या शेजारी ओतला. सगळा. तेव्हा डॉक्टरकडे गेलो. अंधारी खोली होती, तिची हनुवटी एका पट्टीवर टेकवलेली, डॉक्टर पलीकडून एक बारीक उजेड तिच्या डोळ्यात सोडून बघत होते. मग त्यांनी विचारलं, बाई, याआधी कधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का? इंद्रधनुष्यासारखी? त्याबरोबर डोकं दुखायचं का?

तुझ्या आईने हनुवटी पट्टीवरून काढली आणि मान माझ्याकडे वळवली. हलू नका, म्हणून डॉक्टर रागावले सुद्धा. ती तशीच वळून राहिली. आणि मी म्हणालो, नाही. कधी म्हणाली नाही.

का म्हणालो? मी सहा वर्षं याला चांगलंसं कारण शोधतो आहे. घाबरलो म्हणून म्हणालो असं लिहिलं असतं तर तुला कदाचित कीव आली असती. घाबरलो नव्हतो. तो माणूस माझ्या बारा नोंदी माझ्या हातातून ओढून घेऊन त्यांना रोगाचं नाव लावतोय, असं मला वाटलं, आणि मी वही छातीशी धरली. एवढंच. डॉक्टरांनी हात धुतले. म्हणाले, काचबिंदू आहे. कडी दिसतात तीच खूण असते, तेव्हा आल्या असत्या तर थेंबांवर आणि लहानशा उपचारावर भागलं असतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थोडी सांभाळू. ती थोडीही वर्षभरात गेली. आणि खरं सांगतो, त्या खोलीत, त्या क्षणी, तिचा हात माझ्या हातात असताना माझ्या मनात आलं की काचबिंदू हा शब्द किती सुरेख आहे. मनाचं असं होतं एकदा. वळण पडलेलं सुटत नाही, दारू सुटते एक वेळ.

तू दुसऱ्या दिवशी आलीस. आल्या आल्या, बॅगही खाली न ठेवता, आईवर बरसलीस. तोंडाला कुलूप घातलं होतंस का? बायकांची ही एक खोडच, मरेपर्यंत सांगायचं नाही आणि मग सगळ्यांना धावायला लावायचं. रडत होतीस आणि बोलत होतीस. तुझी आई पलंगावर बसून होती. ती म्हणाली, चुकलंच माझं. मी खिडकीपाशी उभा होतो, हातात कप होता. तो कप मी पूर्ण संपवला.

तेव्हापासून आपल्या घराण्यात ही गोष्ट झाली. तुझी मावशी आपल्या सुनांना सांगते, काही दुखलं खुपलं तर बोलत जा गं बायांनो, माझ्या बहिणीसारखं करू नका, बसली गप्प आणि डोळे घालवून बसली. तुझ्या आईसमोर सांगते. आई मान हलवते. सहा वर्षं ती भिंतीला टेकून उभी आहे आणि मी जेवतो आहे. या सहा वर्षांत आम्ही दोघं त्या खोलीविषयी एक शब्द बोललेलो नाही. तिला आठवत नसेल, असं मी स्वतःला सांगत आलो. औषधांनी विसरायला होतं, वयाने होतं, माझी समजूत घालायला कारणं पुष्कळ. पण ती मान वळवली होती तिने. कुणाकडे वळवली होती?

वहीत त्यानंतर मी काही लिहिलं नाही. लिहिण्याजोगं मात्र रोज होत असतं, आणि ते असं की लिहायचा माझा हक्क उरलेला नाही. ती भांड्यात पाणी ओतताना नुसत्या आवाजावरून काठाच्या बोटभर खाली थांबते, एक थेंब सांडत नाही. सुईत दोरा ओवायचा तर जिभेच्या टोकाने नेढं शोधते. मी जिना चढून येतो तेव्हा माझ्या उजव्या गुडघ्याच्या कटकटीवरून ती आतूनच सांगते, आज दूरच्या दुकानात गेला होतात, दमलाय. परवा कपाटातला माझा जुना सदरा हाताला लागला तर कॉलर चाचपून म्हणाली, हा टाकू नका, याची बटणं चांगली आहेत. दूध अजून उतू जात नाही. आता बघ, न बघता. मी म्हणायचो दक्षता म्हणून. जन्मभर ज्याच्यासाठी लोकांच्या दारातली झाकणं उचलत फिरलो ते माझ्या स्वयंपाकघरात उभं होतं, आणि आता कळून त्याचं काय करू? पाठीवर थाप मारायला हात उचलतो आणि तिला न लागेल असा खाली घेतो.

मी या वयात क्षमा मागायला बसलो आहे असं तुला वाटेल. तसं नाही. क्षमा मागायची तर ती तिची, आणि तेवढी हिंमत असती तर सहा वर्षं गेली नसती. हे पत्र त्या चार ओळींसाठी आहे. तू लिहिलंस, ‘बाबांना सांग, हल्ली संध्याकाळी कचेरीतून पुलावरून परतताना दिव्यांना रंगीत कडी दिसतात. सगळ्या पुलाने बांगड्या भरल्यासारखं वाटतं. पूर्वी असं कधी दिसलं नव्हतं. त्यांच्या वहीत घालायचं असेल तर घालू दे.’ चार वर्षांनी तू माझ्याशी बोललीस आणि मला काय दिलंस ते तुला माहीत नाही. आईला मी पत्र वाचून दाखवलं ते ‘औषध वेळेवर घे’पर्यंत. त्या चार ओळी वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे पंधरा दिवस राहायला गेली, आणि मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. काल कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या फोनवरून तुझ्या कचेरीत फोन लावला. बाई बाहेर मोजणीला गेल्यात, निरोप काय, असं एक जण म्हणाला. मी म्हटलं, त्यांना सांगा, वडील म्हणाले आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तो हसला, बरं आजोबा म्हणाला. तूही म्हातारा चळला म्हणून सोडून दिलं असशील, म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं. आईचं दुखणं रक्तातून येतं. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मुलीचे डोळे तपासून घ्या. मी ते तुला सांगितलं ते गाडी सुटताना, छत्री राहिली बघ म्हणावं तसं. तू ऐकलं नसशील, आणि ऐकलंस का म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. तर आता ऐक. ती नवलं नाहीत. तुझं सगळं पोट त्या डोळ्यांवर आहे, केसाएवढ्या रेघा ओढतेस तू. नंतर मला लिहू नकोस, पत्रात ‘बाबा’ हा शब्दही काढून टाक, चालेल. पण डॉक्टरांनी विचारलं की कडी दिसतात का, तर तुझ्या वतीने दुसऱ्या कुणाला बोलू देऊ नकोस.

थांब. दार वाजतं आहे.

तुझी आई आली आहे. मावशीकडून, अजून बारा दिवस राहायची होती ती. एकटी आली. गाडीवाल्याने खालच्या दाराशी सोडलं, तीन मजले कठड्याला धरून चढली आणि आता दारात धापा टाकत उभी आहे. तिथूनच बोलली. मावशीकडे सकाळी तुझा फोन आला होता म्हणे. बाबांनी कचेरीत असला कसला निरोप ठेवला, सगळे मला चिडवतायत, म्हणून तू हसत होतीस. आईने विचारलं, तुला दिसतंय काय? तू सांगितलंस. तेव्हा तिने तुला स्वतःच्या डोळ्यांची शपथ घातली आणि उद्या सकाळी दवाखान्यात जाशील असं कबूल करून घेतलं. मग तू म्हणालीस, पण आई, कड्यांचं तुला काय माहीत, तुला तर कधी दिसली नव्हती ना? त्यावर आईने उत्तर दिलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो. ती म्हणाली, ते बाबांना विचार.

मी काय लिहितोय ते तिने विचारलं नाही. अजून उंबऱ्याबाहेरच उभी आहे, पिशवी हातात, चपला पायात. आत ये म्हणायला माझं तोंड उघडत नाही.

तू विचारलंस असं धरून पाकीट बंद करतो.

तुझाच,
बाबा